एक छर्रा देणे

आप्पांकडे जायचं असेल तर आधी फाटकाबाहेर उभं राहून कानोसा घ्यावा. आतून ठोकण्याचा आवाज आला तर फाटकाला हात न लावता सरळ पुढे निघून जावं. आप्पांनी काहीतरी उघडलेलं असतं, आणि उघडलेल्या वस्तूजवळ आलेल्या माणसाला ते रिकाम्या हातानं उभं राहू देत नाहीत. ‘हे जरा धरा,’ म्हणतात. मी एकदा संध्याकाळी वाटीभर साखर मागायला गेलो आणि रात्री साडेनऊपर्यंत कूलरची मोटर धरून उभा होतो. आमच्याकडचे पाहुणे पाणी पिऊन गेले.

आप्पा बँकेत कॅशियर होते. चौतीस वर्षं. पारोळा, अमळनेर, मग धुळे, शेवटी जळगाव. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली, पण अंगठा अजून निवृत्त झालेला नाही. कळण्याच्या भाकरींची चवड समोर आली की अंगठा कडेवरून सर्रकन फिरतो. जिजी म्हणजे त्यांच्या सौभाग्यवती. त्या म्हणतात, लग्नात अक्षता पडल्या तेव्हाही हे वर बघत होते, मोजायला.

लोक त्यांना चिक्कू समजतात. तसं नाही. तीनशे रुपयांच्या कामासाठी बाराशेचा पाना आणताना मी त्यांना पाहिलंय, आणि तो पाना पुन्हा कधी लागला नाही. पैसा जाण्याचं त्यांना दुःख नाही. नोंद न करता जाण्याचं आहे. नळ ठिबकत असेल तर त्यांना झोप येत नाही. पाणी वाया जातं म्हणून नव्हे, ‘कुणीतरी घेतंय आणि सही करत नाही’ म्हणून.

अशा माणसाच्या गाडीचं पॉवर स्टेअरिंग गळायला लागलं.

गाडीचं नाव सांगत नाही, बिचाऱ्या कंपनीचा काही दोष नव्हता. वीस वर्षांची, तिसऱ्या हातची, आठ जण ऐसपैस आणि आखाजीला चौदा जण बसणारी जीप. उंच, उभट नाकाच्या सगळ्याच गाड्यांना आमच्याकडे जीप म्हणतात. चैत्रातल्या एका सकाळी जिजी सडा टाकायला बाहेर आल्या तर गाडीच्या पुढच्या चाकाजवळ लालभडक टिकला. पुढच्या दिवशी तीन. जिजींनी मीठ-मोहरी उतरवली. समोरच्या काकूंनी लिंबू सुचवलं, आणि कुणी टाकलं असावं याची तीन नावंही सुचवली. आप्पा वाकले, बोट लावलं, वास घेतला, अंगठ्यानं ते चोळून पाहिलं.

“करणी नही,” ते म्हणाले. “सील गयं.”

पॉवर स्टेअरिंगचं तेल लाल असतं. त्याच रात्रीपासून गाडीखाली पेपर अंथरला जाऊ लागला. सकाळी त्यावरचे थेंब मोजून, तारीख घालून पेपर घडी करून ठेवायचा. आठवड्यात सात पेपर आणि एकशे बारा थेंब झाले. पहिल्या पेपरवर नुसती तापी होती, सातव्यावर गिरणा, वाघूर, बोरी सगळ्या मिळाल्या होत्या.

अजिंठा चौफुलीच्या पलीकडे उस्तादांचं गॅरेज आहे. ट्रकच्या पोटाखाली त्यांची हयात गेलेली. उस्तादांनी उकिडवं बसून एकदा खालून पाहिलं आणि म्हणाले, “आप्पा, गाड़ी छोड़ जाओ. कल शाम को ले जाना.”

“खोलताना मी बसलो तर चालेल?”

उस्तादांनी हात पुसले. “आप पिछली बार बैठे थे. मेरे लड़के काम छोड़ के नट गिनने लगे.”

आप्पा गाडी घेऊन परत आले. म्हणाले, “घरीच करू. व्हई जाई.”

हा ‘व्हई जाई’ म्हणजे आप्पांचा बीजमंत्र. होऊन जाईल. कसं, केव्हा, कुणाच्या अंगणात, हे मंत्रात येत नाही. ते जिजी विचारतात. “कव्हय व्हई जाई?” या प्रश्नाला चाळीस वर्षांत उत्तर मिळालेलं नाही.

काम सुरू करण्याआधी आप्पांनी आठ दिवस अभ्यास केला आणि मला शिकवणी दिली. मला त्यातलं जेवढं कळलं ते असं. स्टेअरिंगच्या दांड्याच्या खालच्या टोकाला एक बिडाची पेटी असते, तोच गिअरबॉक्स. पेटीत एक आट्यांचा दांडा, त्यावर पिस्टन. दांड्याच्या आणि पिस्टनच्या आट्या एकमेकींना थेट लागत नाहीत, मधल्या खोबणीतून पोलादी छर्रे धावतात. शेवटाला पोहोचले की एका वाकड्या नळीतून परत सुरुवातीला. पंढरीची वारीच, फक्त रिंगणात. पिस्टनच्या पाठीला दाते, त्यात अडकलेला सेक्टर शाफ्ट, त्याला खाली ड्रॉप आर्म. तो हलला की चाकं वळतात. आणि वरच्या टोकाला, आत, पेन्सिलीएवढी पोलादाची एक सळई. आपण स्टेअरिंग फिरवलं की ती अगदी किंचित पिळली जाते आणि तेवढ्यानं तेलाची वाट एका बाजूला मोकळी होते. मग पिस्टन ढकलायचं काम तेल करतं.

“म्हणजे आपल्या बँकेसारखं,” आप्पा म्हणाले. “मॅनेजर कोंबडा मारतो, काम स्टाफ करतो. स्टाफ संपावर गेला तरी मॅनेजरला शाखा चालवता येते, फक्त घाम फुटतो.” हे त्यांनी अगदी बरोबर सांगितलं. तेल संपलं तरी गाडी वळते, पण खांदे उखडतात.

तेलाला दाब तरी किती! टायरमध्ये हवेचा दाब असतो दोन-सव्वादोन बार. इथे उभ्या गाडीचं चाक पुरतं वळवून धरलं की सत्तर-ऐंशी बारच्याही पुढे जातो, आणि तो सगळा अडवून बसायचं बांगडीएवढ्या रबरी सीलनं. त्यात आमचा उन्हाळा ४५ अंशांचा. भुसावळकर म्हणतील, एवढाच? पण रबराला एवढा पुरतो. ते कडक होतं, ओठ चिरतो आणि टिकले पडायला लागतात.

अभ्यासात आप्पांना आणखी एक गोष्ट सापडली आणि ती त्यांनी कॉलनीतल्या प्रत्येकाला निदान दोनदा सांगितली. हे यंत्र फ्रान्सिस डेव्हिस नावाच्या अमेरिकन इंजिनिअरनं काढलं. तो पिअर्स-ॲरो कंपनीत ट्रकच्या विभागात होता. जड ट्रक वळवताना ड्रायव्हरांचे हाल त्यानं पाहिले, नोकरी सोडली आणि १९२६ साली मोटारीत बसवून चालवून दाखवलं. विकायच्या मोटारीत ते यायला मात्र १९५१ उजाडलं, क्रायस्लरच्या इम्पीरियलमध्ये. तोवर त्याच्या पेटंटची मुदतही सरली होती.

“आणि १९२६ मध्ये आपल्याकडे काय झालं?” आप्पा परीक्षकासारखं बघत. कुणाला येत नसे. “३१ डिसेंबरला धुळ्यात इतिहासाचार्य राजवाडे गेले!”

या दोन गोष्टींचा संबंध काय, असं मी पहिल्या खेपेला विचारलं. चूक झाली. धुळ्याच्या बदलीत आप्पा राजवाडे संशोधन मंडळात जाऊन बसत. विश्वनाथ काशिनाथ राजवाड्यांवर त्यांची अपार भक्ती. दुसऱ्यानं लिहिलेल्या बखरीवर विसंबायचं नाही, स्वतः वाड्या-वस्त्यांवर जायचं, माळ्यावरची दप्तरं खाली काढायची, प्रत्येक कागद डोळ्याखालून घालायचा. असे ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे बावीस खंड झाले. “राजवाड्यांनी कधी म्हटलं का, दप्तर ठेवून जा, उद्या संध्याकाळी इतिहास घेऊन जा?” आप्पांनी विचारलं. उस्तादांच्या गॅरेजवरचा हा घाव होता हे माझ्या घरी आल्यावर लक्षात आलं.

तर एप्रिलातल्या एका रविवारी गिअरबॉक्स उतरवायचं ठरलं, आणि त्याच रविवारी जिजींनी बिबड्यांचा घाट घातला होता. खानदेशात एप्रिलातला रविवार बिबड्यांचा असतो हे आप्पांना माहीत असायला हवं होतं. चुलीवर ज्वारीच्या कण्यांचं पीठ रटरटतंय, अंगणात खाटेवर ओलं पातळ अंथरलंय, आणि खाटेपलीकडे आप्पा डिझेलची घमेली, पाने, गोट्या आणि जॅक मांडतायत.

“हाई काय शे?” जिजींनी विचारलं.

“अर्धं अंगण तुमचं, अर्धं माझं,” आप्पा म्हणाले आणि खडूनं रेघ मारली. मोजून.

ड्रॉप आर्म निघायलाच दोन तास गेले. पुलर लावला, गरम केला, घण मारला. शेवटी तो असा सुटला की आप्पा खडूची रेघ ओलांडून जिजींच्या हद्दीत बसले. पण नोंद चुकली नाही. आर्म काढण्याआधी त्यावर आणि शाफ्टवर छिन्नीची खूण केलेली, स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत किती फेरे घेतं ते डायरीत लिहिलेलं, निम्म्या फेऱ्यांवर ते आणून ठेवलेलं, कारण सेक्टर मधोमध असल्याशिवाय पेटीतून निघत नाही. वरचं झाकणही मजेदार असतं. त्याचे बोल्ट काढायचे आणि मधला स्क्रू आत फिरवायचा, झाकण आपोआप वर येतं. बाहेर काढण्यासाठी आत जावं लागतं. यावर एखाद्या कीर्तनकारानं तासभर काढला असता; आप्पांनी फक्त ‘१ झाकण, ४ बोल्ट’ असं लिहिलं.

इथवर सगळं टॅली होतं. पुढचं पाप माझं.

पिस्टन दांड्यासकट बाहेर आला. आप्पांनी तो माझ्या हातात दिला. “हे जरा धरा.” आणि ते स्वच्छ फडकं आणायला आत गेले. मी धरला. छान वजनदार, तेलानं तुकतुकीत वस्तू. दांडा फिरवला की पिस्टन लोण्यासारखा सरकत होता. मी आणखी थोडा फिरवला. मग आणखी थोडा.

छर्रे शहाबादी फरशीवर पडले तेव्हाचा आवाज माझ्या कानात अजून आहे. दारात उभ्या आप्पांच्या तोंडून मात्र काहीच आवाज आला नाही. ते एवढंच म्हणाले, “मोजले नव्हते.”

चौतीस वर्षांत या माणसानं न मोजता कुणाकडून काही घेतलं नव्हतं, न मोजता कुणाला दिलं नव्हतं. आज दिलं होतं, मला.

छर्रे चारी दिशांना गेले होते. खाटेखाली, मोरीत, तुळशीच्या कुंडीमागे. आप्पांनी गल्लीतली पोरं बोलावली आणि दर छर्र्याला दोन रुपये जाहीर केले. सरकारी योजनेचं होतं तेच झालं. अर्ध्या तासात एकेचाळीस छर्रे जमा झाले आणि आवक सुरूच होती. दोन पोरांनी घरी जाऊन जुन्या सायकलीचं चाक फोडलं होतं.

इथे मला खरा कॅशियर पाहायला मिळाला. आप्पांनी पाटावर पांढरं फडकं पसरलं, छर्रे ओळीनं मांडले आणि एकेक अंगठ्याखाली फिरवायला लागले. “खोटा. खरा. खरा. खोटा.” व्हर्नियर नंतर लावला, निव्वळ ऑडिटसाठी, एकही निकाल बदलला नाही. सायकलचे छर्रे किंचित लहान होते. एक काचेचा मणी निघाला, एक चिकूची बी. खोटे पाकिटात भरून वर ‘बाद’ असा शेरा मारला. पोरांना पैसे मात्र एकेचाळीसचे दिले. “त्यांनी भरणा केला, मी स्वीकारला,” म्हणाले. “काउंटर सोडल्यावर तक्रार चालत नाही.”

खरे भरले तेवीस. पण असायला किती हवेत?

दुसऱ्या दिवशी आप्पा पिस्टन टॉवेलात गुंडाळून उस्तादांकडे गेले. साक्षीदार म्हणून मी. उस्तादांनी नळीत आणि खोबणीत छर्रे ओघळू दिले, दांडा हळूहळू फिरवत सगळे आत घेतले, पिस्टन कानाशी धरून हलवला. “एक कम है.” पानमसाल्याचा जुना डबा उघडून त्यांनी एक छर्रा काढला, मापला, घातला. “चलेगा. वैसे सब एक सेट के हों तो अच्छा. नया वाला बोझ ज़्यादा उठाता है.” पैसे घेतले नाहीत. आप्पांनी तिथेच डायरी काढून लिहिलं: ‘उसनवार. १ छर्रा. देणे उस्ताद.’

आता राहिलं सील किट. जळगावात मिळालं, पण सेक्टर शाफ्टचं सील एका मिलिमीटरनं मोठं. “बसतं साहेब, ठोकून बसतं,” दुकानदार म्हणाला. एका पैशाचा फरक सापडेपर्यंत सगळ्या स्टाफला रात्री दहापर्यंत थांबवून ठेवलेल्या माणसाला हे सांगत होता. आप्पा धुळ्याला निघाले.

धुळ्यावर त्यांचं प्रेम का, हे जुन्या धुळ्यात गेलं की कळतं. तिथे गल्ल्यांना नंबर आहेत. एक नंबर गल्ली, दोन नंबर, तीन, चार, पाच. कॅशियरला या गावात हरवल्यासारखं वाटणं शक्यच नाही. तिथल्या ओळखीच्या दुकानात माप दाखवायला म्हणून सेक्टर शाफ्ट पिशवीत घेतला. गाडी घोडीवर, म्हणून एस.टी.नं. मीही बरोबर, माझ्या डोक्यावर एक छर्रा होता, नाही कसं म्हणणार?

बांभोरीचा पूल ओलांडेपर्यंत शाफ्ट मुकाट मांडीवर होता. पाळधीच्या पुढे कंडक्टरनं पिशवीवर बोट ठेवलं. “हे काय? लगेज लागंल.” आप्पांनी उलगडून दाखवलं. अडीच-तीन किलोचा काळा पोलादी दांडा, एका अंगाला चार मोठाले दाते. एरंडोलला चढलेले एक फेटेवाले बाबा शेजारी येऊन बसले. त्यांनी शाफ्ट बराच वेळ न्याहाळला. एरंडोल म्हणजे एकचक्रानगरी आणि भीमानं बकासुराला मारलं ते तिथून जवळच, पद्मालयाला, ही आमच्याकडची श्रद्धा. बाबांनी दात्यांवर हलकेच बोट फिरवलं. “दाढ शे का त्यानी?”

आप्पांना खोटं बोलवत नाही. त्यांनी पारोळा येईपर्यंत बाबांना पॉवर स्टेअरिंग समजावून सांगितलं. सळई, तेल, मॅनेजर, स्टाफ, १९२६. बाबा मान डोलावत होते. उतरताना त्यांनी शाफ्टला नमस्कार केला.

धुळ्यात बरोबर मापाचं सील मिळालं. जोडणी चार दिवस चालली, तिचं सगळं सांगत बसत नाही. टेफ्लॉनची रिंग गरम पाण्यात मऊ करून चढवावी लागते, ते पाणी जिजींच्या दुधाच्या पातेल्यात तापवलं गेलं, आणि त्या दिवशी आप्पांना बिनदुधाचा चहा मिळाला, एवढं पुरे. सील बसवताना त्याचा स्प्रिंगवाला ओठ तेलाकडे हवा, उलटा बसला की दुप्पट गळतं. शाफ्टच्या खाचांनी तो ओठ कापला जाऊ नये म्हणून खाचांवर चिकटपट्टी गुंडाळायची. आणि ते सरळ आत जावं म्हणून मागून सारख्या मापाचं काहीतरी ठोकायला हवं. घरभर वाट्या, डब्यांची झाकणं, पूजेची पंचपात्री लावून पाहिली. शेवटी खलबत्त्याचा बत्ता चपखल बसला. जिजी बघत होत्या. बघत होत्या म्हणजे, काही बोलत नव्हत्या.

मग पेटी चढली, तेल भरलं. पण आत हवा. ती काढायला पुढची चाकं अधांतरी ठेवून, इंजिन बंद ठेवून, स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवत राहायचं. आप्पा डबीतले बुडबुडे बघणार. फिरवणार कोण? मी तीस फेऱ्या मारल्या. डेव्हिसनं ट्रक ड्रायव्हरांसाठी नोकरी का सोडली ते मला विसाव्या फेरीला समजलं. मग इंजिन सुरू केलं. आधी गिअरबॉक्स म्हशीसारखा हंबरला, मग कण्हला, मग गप्प झाला. मेहरूण तलावाला वळसा घालून आलो. आप्पा एका बोटानं स्टेअरिंग फिरवत होते, करंगळीशेजारच्या. उगाच.

दुसऱ्या सकाळी पेपर कोरा, तिसऱ्या सकाळीही. आठव्या दिवशी आप्पांनी त्या कोऱ्या पेपरवर ‘निरंक’ लिहून सही केली. “दखा, गळस का?” असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला वाकून बघायला लावत. पोस्टमनही वाकला.

श्रावण आला. नागपंचमीनंतरच्या रविवारी आप्पांकडे कानबाई बसली. धुळ्याहून लेक-जावई आले, पारोळ्याहून भाऊबंद. बाहेरच्या खोलीत रोटांच्या प्रसादाची पंगत बसली होती. आप्पा जावयाला स्टेअरिंगची हकिकत सांगत १९२६ पर्यंत पोहोचले होते. आत जिजी बिबडे तळत होत्या.

आतून आवाज आला. टण्ण.

खणखणीत. पंगतीत कुणाचं लक्ष गेलं नाही. आप्पांचा घास हातातच राहिला. बंदा रुपया काउंटरवर वाजवून घेण्याच्या काळातले कान ते. पानाला नमस्कार करून उठले, आत गेले, कढईतून झाऱ्यानं काढलेली वस्तू चिमट्यात धरून खिडकीशी आले. त्या रविवारी उडून ओल्या पिठात रुतलेला, बिबड्यासोबत कडकडीत वाळलेला, डब्यात चार महिने बसलेला. कुणाच्या दाताखाली आला नाही ही कानबाईची कृपा. तो निवेपर्यंत आप्पा थांबले. मग अंगठ्याखाली फिरवला.

“खरा,” म्हणाले.

मी पुढे होऊन म्हटलं, “आप्पा, उत्तम झालं की. हा उस्तादांना देऊन टाका. त्यांचा एक घेतला, एक दिला. खातं बंद.”

आप्पांनी बराच विचार केला. मला वाटलं, पटलं. कॅशियरला नोट ती नोट, नंबर कुठलाही असो. जिजींनीही झारा खाली ठेवला.

“नोटेचं वेगळं असतं,” आप्पा म्हणाले. “पाचशेची नोट कितीही झिजली तरी पाचशेचीच राहते. छर्र्याचं तसं नाही. हा आपला, त्या तेविसांबरोबर वीस वर्षं झिजलेला. त्यांचा कोरा. आत तो एकटा भार उचलतोय.”

आणि खिशातून डायरी काढत त्यांनी मला विचारलं, “उद्या सोमवार. तुमची शाळा श्रावणात अर्धीच असते ना?”